असं नाही, असं

भाचीसाठी मी रिंगांचं खेळणं नेलं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. वर निमुळती होत गेलेली लाकडी दांडी आणि तिच्यात ओवायच्या सहा रिंगा, सगळ्यांत मोठी तळाला, सगळ्यांत लहान शेंड्याला. नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. मी ते तिच्यापुढे ठेवलं. तिने आधी दांडी उचलून बाजूला केली आणि मग एकेका रिंगेला हात घातला. एक मनगटात चढवली. एक डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. सगळ्यांत मोठी रिंग तिने फरशीवर उभी करून सोडली. ती दोन हात धावली, डगमगली आणि आडवी होता होता स्वतःभोवती फिरू लागली. फेऱ्या जलद होत गेल्या, खडखड दाट होत गेली आणि एकदम सगळं थांबलं. तोवर भाचीने श्वास रोखून धरला होता. रिंग थांबल्यावर तिने तो सोडला, रिंग उचलली, पुन्हा उभी केली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. सहा-सात वेळा झाल्यावर मला राहवेना. "असं नाही बाळा, असं," म्हणत मी तिच्या हातातून रिंग घेतली आणि दांडीत घातली.

ती लगेच शिकली. दुसरी रिंग तिने घातली आणि माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या. तिसरी घातली, माझ्याकडे पाहिलं. चौथी चुकत होती, मी डोळ्यांनीच 'ती नको, ती' अशी खूण केली, तिने बदलली, माझ्याकडे पाहिलं. मी शिकवल्यापासून दर रिंगेला एकदा माझं तोंड. शेवटची रिंग बसल्यावर तिने दांडी दोन्ही हातांनी उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवली, काम संपल्यावर ज्याची वस्तू त्याला नेऊन द्यावी तशी. आणि आत निघून गेली.

ते वळून वळून बघणं मला अजून विसरता आलेलं नाही.

बहीण दारातून डोकावली होती. "लगेच जमलं की गं तिला!" ती कौतुकाने म्हणाली. मलाही त्या क्षणी आनंदच झाला होता. काही दिलं आणि ते घेतलं गेलं, याचं समाधान मोठं असतं. टोचणी लागली ती परत येताना. आधी ती रिंगेकडे बघत होती. मी शिकवल्यावर ती माझ्याकडे बघायला लागली. उभी रिंग कुठवर धावते, पडता पडता तिला एवढी घाई का होते, भोकातून पाहिलं की मावशीचं तोंड तेवढं उरतं आणि बाकी खोली कुठे जाते, हे प्रश्न तिचे होते. अडीच वर्षांच्या पोरीला ते बोलता येत नव्हते म्हणून ती ते हातांनी विचारत होती. मी पुढे केलेला प्रश्न माझा होता आणि त्याचं उत्तरही मीच देऊन टाकलं होतं. उत्तर बरोबर आलंय ना, हे माझ्या चेहऱ्यावरून ताडून पाहणं एवढंच तिच्या वाट्याला उरलं.

बऱ्याच दिवसांनी एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका प्रयोगाविषयी वाचनात आलं आणि वाचता वाचता माझी कानशिलं गरम झाली. २०११ साली तो प्रसिद्ध झाला. शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांसाठी त्यांनी नळ्या जोडून एक खेळणं तयार केलं होतं, कुणीच कधी न पाहिलेलं. त्यात चार गमती दडवल्या होत्या. एक नळी ओढली की चूं आवाज व्हायचा, एका ठिकाणी दाबलं की दिवा लागायचा, एका भागातून सूर निघायचे, आणि एका नळीत डोकावलं की आतल्या आरशात आपलंच तोंड दिसायचं. काही मुलांना संशोधक बाईंनी सांगितलं, हे माझं खेळणं, ते कसं चालतं ते दाखवते, बघ हं. आणि नळी ओढून आवाज काढून दाखवला. दुसऱ्या काही मुलांपुढे त्यांनी तीच नळी चुकून ओढली गेल्यासारखं केलं आणि स्वतःच चकित झाल्या. मग मुलांना खेळण्याजवळ सोडून दिलं. ज्यांना नीट शिकवलं होतं ती मुलं कमी वेळ खेळली, आवाज काढण्यातच बराचसा वेळ घालवला, आणि बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. ज्यांच्यासमोर नळी 'चुकून' ओढली गेली त्यांनी ते खेळणं सगळीकडून चाचपून पाहिलं.

मला यातलं सर्वांत जास्त काय लागलं असेल, तर ते त्यामागचं कारण. शिकवलेली मुलं आळशी किंवा मंद नव्हती. त्यांनी अगदी तर्कशुद्ध विचार केला होता. ज्याला माहीत आहे असा माणूस समोर बसून मुद्दाम एक गोष्ट दाखवतोय; आणखी काही असतं तर त्याने तेही दाखवलंच असतं; त्याअर्थी आणखी काही नसणार. म्हणजे मूल हुशार असतं म्हणूनच थांबतं, आणि मोठ्या माणसावर त्याचा विश्वास असतो म्हणून थांबतं. भाचीनेही माझ्यावर विश्वासच ठेवला होता. रिंगा दांडीत घालायच्या असतात असं मावशी म्हणाली, त्याअर्थी रिंगा पळत नाहीत, त्यांच्यातून बघायचं नसतं, त्या हातात घालायच्या नसतात. तिने माझं म्हणणं किती पुरेपूर ऐकलं!

एका मैत्रिणीकडे गेले होते तेव्हा तिचा मुलगा चार वर्षांचा होता. तिला महत्त्वाचा फोन आला म्हणून तिने मला टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दाराशी बसवलं. आत तो, एक बादली, एक उंच अरुंद पेला आणि एक पसरट वाटी. पेल्यातलं वाटीत, वाटीतलं पेल्यात. पहिल्यांदा पेला भरून वाहिला, दुसऱ्यांदा वाहिला, पाचव्यांदाही वाहिला. आंघोळ म्हणून काही घडतच नव्हतं. "चल, अंगावर घे पाणी" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, पण रिंगांची आठवण ताजी होती म्हणून गप्प बसले. काही वेळाने लक्षात आलं की तो आता पेल्याकडे बघतच नाहीये. मान वाकडी करून कान लावून बसलाय. पेला भरत येतो तसा पाण्याचा आवाज वर वर चढतो, सुरुवातीला भरड, मग बारीक, मग अगदी धारदार. मला हे ऐकून माहीत असेल, पण मी कधी ऐकलं नव्हतं. तो ओतत होता आणि पुटपुटत होता, "आता येतंय... आता येतंय... आलं!" आणि हात थांबवत होता. पेला काठोकाठ, एक थेंब बाहेर नाही. मग त्याने डोळे मिटून तेच करून पाहिलं.

त्या वेळी मला एक मोह आवरला नाही. मी त्याला विचारलं, "सारखंच पाणी आहे ना रे, कशात जास्त दिसतंय?" त्याने काहीही विचार न करता पेल्याकडे बोट केलं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांना विचारलेला हा प्रश्न प्रसिद्धच आहे. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलं उंच भांड्यातलं पाणीच जास्त समजतात, त्यांच्या डोळ्यांदेखत ओतलं असलं तरी. मी समजावून सांगणार तोच त्याने आपणहून पेल्यातलं पाणी वाटीत ओतलं, वाटीकडे पाहिलं. परत पेल्यात ओतलं. पेल्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. भुवया किंचित आक्रसल्या. बोलला काहीच नाही. त्या कपाळावरच्या दोन बारीक आठ्या मी डोळे भरून बघितल्या. पुढे कधीतरी, कुठल्याशा न्हाणीघरात, तो स्वतःच म्हणेल की छे, तेवढंच तर आहे. मी त्या दिवशी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि वाटी बाजूला ठेवली असती.

गप्प बसणं सोपं नाही. मुलांचा खेळ बघत बसणं मोठ्या माणसाला कंटाळवाणं होतं, हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही, पण ते खरं आहे. चाळीस मिनिटं तेच ओतणं, तीच रिंग, तेच 'पुन्हा'. आपलं डोकं 'आता पुढे काय' असं विचारत असतं. त्यांच्या 'पुन्हा'मध्ये दर वेळी काहीतरी बदललेलं असतं, हात जरा खाली, ओतणं जरा सावकाश, पण ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण परिणाम बघतो आणि तो प्रत्येक वेळी सांडलेलं पाणी एवढाच असतो. शिकवण्याची आपली घाई पुष्कळदा या कंटाळ्यातून येते असं मला आता वाटतं. मी रिंग हातात घेतली तेव्हा तिला शिकवायचं होतं हे खरं, पण मला त्या खडखडीतून सुटकाही हवी होती.

माझ्या लहानपणी आमच्याकडे कुणाला एवढा वेळच नव्हता, त्यामुळे आमचं बरंच निभावलं. दुपारी दादा आणि मी पलंगाची बस करायचो. दादा ड्रायव्हर, हातात मोठ्या डब्याचं झाकण. मी कंडक्टर. जुन्या कॅलेंडरची पानं फाडून तिकिटं केलेली असत. त्यांचा गुळगुळीत कागद फाडताना होणारा आवाज आणि बोटांना येणारा शाईचा वास अजून आठवतो. नियम दादाचे आणि कडक. कंडक्टरने बसायचं नाही. घंटी दोनदा वाजल्याशिवाय बस सुटायची नाही. वाटेत उतरलं तर बस निघून जाते. एरवी मी एका जागी दोन मिनिटं टिकत नसे, जेवतानासुद्धा माझ्यामागे धावावं लागे, अशी घरात माझी ख्याती. पण बस चालू असेपर्यंत मी पलंगाच्या कडेला पाय रोवून उभी असायची, मांड्या भरून आल्या तरी. एकदा आजी तिची शाल घ्यायला पलंगापाशी आली आणि मी हात आडवा करून तिला सांगितलं, "गाडी फुल्ल आहे, मागून दुसरी येतेय." आजी खरंच थांबली. भिंतीला टेकून, दोन स्टॉप होईपर्यंत. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, गाडीची वाट बघणाऱ्या बाईचा चेहरा होता तो. आमच्या लहानपणात कुणी मोठ्या माणसाने आम्हाला याहून जास्त काही दिलं असेल असं मला वाटत नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ विगोत्स्कीने १९३३ सालच्या आपल्या व्याख्यानात खेळाविषयी जे मांडलं ते वाचताना मला आजी, पलंग आणि माझ्या भरून आलेल्या मांड्या आठवल्या. मूल काठीला घोडा म्हणतं, तेव्हा पहिल्यांदाच वस्तू आणि तिचा अर्थ एकमेकांपासून सुटे होतात. झाकण हे झाकण न राहता चक्र होतं. पुढे कागदावरची काळी रेघ 'क' होते, तीन बोटं 'तीन' होतात, त्याची सुरुवात इथे आहे. दुसरं त्याचं म्हणणं असं की कल्पनेचा खेळ म्हणजे मनमानी अशी आपली समजूत असते, पण त्यात नियम सगळ्यांत कडक असतात, कारण ते मुलाने स्वतः स्वीकारलेले असतात. खेळात मूल जणू स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं, असं तो म्हणतो. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३७व्या वर्षी तो गेला. त्याच्या मागून मनुइलेंको या संशोधकाने १९४८ साली हेच तपासून पाहिलं. मुलांना नुसतं 'हलू नका, उभे राहा' सांगितलं तर ती लवकरच चुळबुळायला लागत. पण पहारेकरी व्हायला सांगितलं की तीच मुलं कितीतरी जास्त वेळ निश्चल उभी राहत. माझ्या आईला हे माहीत असतं तर तिने मला जेवायला बसवण्याऐवजी कंडक्टरला जेवणाची सुट्टी दिली असती.

लहान मुलांच्या खेळाला ज्याने इतकं महत्त्व दिलं की त्याच्यासाठी नवा शब्द काढला, त्या फ्रेडरिक फ्रोबेलची गोष्ट मला अलीकडे वारंवार आठवते. तो नऊ महिन्यांचा असताना त्याची आई गेली. पुढे पन्नाशी उलटल्यावर त्याने जर्मनीत लहान मुलांसाठी खेळघर काढलं आणि १८४० साली त्याला नाव दिलं, किंडरगार्टन, मुलांची बाग. त्याने मुलांसाठी वस्तूंचे संच केले आणि त्यांना 'भेटी' म्हटलं. पहिल्या भेटीत लोकरीचे मऊ रंगीत चेंडू, दुसरीत लाकडी गोळा आणि ठोकळा, तिसरीत आठ लहान ठोकळ्यांचा एक मोठा ठोकळा. अमेरिकी वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट म्हातारपणीही सांगत असे की लहानपणी हाताळलेले ते मेपलचे ठोकळे त्याच्या बोटांत कायमचे राहिले आहेत. जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या सरकारने १८५१ साली किंडरगार्टनवर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. पण बंदीपेक्षाही मला दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागते. पुढे त्याच्याच काही निष्ठावंतांनी त्या भेटी कोणत्या क्रमाने द्यायच्या, ठोकळा कसा धरायचा, कुठली आकृती आधी करायची याचे काटेकोर पाठ बसवले. मुलं रांगेत बसून बाईंच्या सांगण्याबरहुकूम ठोकळे हलवू लागली. बागेला कुंपण घालणारे बागेवर प्रेम करणारेच होते. 'असं नाही, असं' म्हणणारी मीही भाचीवर जीव टाकणारीच आहे.

माँटेसोरीबाईंनी यातून वेगळी वाट काढली. रोममध्ये १९०७ साली त्यांनी बालगृह सुरू केलं, आणि त्यांच्या साधनांतला दट्ट्यांचा ठोकळा मला फार आवडतो. ठोकळ्यातली वेगवेगळ्या मापांची भोकं आणि त्यांत बसणारे दट्टे. एक जरी चुकीच्या भोकात गेला तरी शेवटी एक दट्ट्या हातात उरतो आणि जायला जागा नसते. चूक साधनच दाखवतं, बाईंना तोंड उघडावं लागत नाही. (कल्पनेच्या खेळाविषयी मात्र माँटेसोरीबाई साशंक होत्या, आणि तिथे माझं मन त्यांच्याबरोबर जात नाही, पलंगाची बस त्यांना पटली नसती.) आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत हेच विचार अशा मुलांपर्यंत नेले, ज्यांच्याकडे विकतची साधनं पोचणं शक्य नव्हतं, आसपास मिळणाऱ्या वस्तूच साधनं झाल्या. मी नेलेल्या खेळण्याची दांडीही निमुळती होती. लहान रिंग आधी घातली असती तर ती मध्येच अडकली असती आणि मोठी तिच्यावर जाऊन बसली असती. दांडीने भाचीला सांगितलंच असतं. मी दांडीला बोलू दिलं नाही.

ती पावणेतीनची झाली तेव्हा आजारी पडली आणि तिला बरीच इंजेक्शनं घ्यावी लागली. बरी होऊन घरी आल्यावर आठवडाभर तिने घरातल्या सगळ्यांना टोचलं. पेनाचं टोपण हे इंजेक्शन. बाहुलीला टोचलं, उशीला टोचलं, दाराला टोचलं, मला तर दिवसातून दहा वेळा. "रडायचं नाही हं, मुंगी चावेल फक्त," असं म्हणून ती माझा दंड घट्ट दाबून धरायची. पकड अशी की वळ उठावा. आणि मी रडले नाही तर तिला चालायचं नाही. मला मोठ्याने रडावं लागे. मग ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. बहिणीला याची काळजी वाटत होती, पुन्हा पुन्हा तेच काढतेय, विसरत का नाही म्हणून. फ्रॉइडने आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा असाच एक खेळ टिपून ठेवला आहे. दोरा बांधलेलं लाकडी रीळ तो खाटेच्या पडद्याआड फेकायचा आणि 'गेलं' अशा अर्थाचा आवाज करायचा. मग दोरा ओढून रीळ परत आणायचा आणि आनंदाने 'आलं' म्हणायचा. आई बाहेर जायची तेव्हा हा मुलगा रडत नसे. आई जाणं-येणं त्याच्या हातात नव्हतं, रीळ होतं. भाचीच्या हातात सुई नव्हती, टोपण होतं. आठव्या की नवव्या दिवशी टोपण पेनाला परत लागलं आणि तो विषय संपला. त्या आठ दिवसांत तिने जे केलं ते आम्ही कुणी समजुतीच्या गोष्टी सांगून करू शकलो नसतो.

हे सगळं लिहिताना एक भीतीही वाटते. लोक म्हणतील, म्हणजे मुलांना सोडून द्यायचं का, मोठ्यांनी लांब बसायचं का. तसं अजिबात नाही. आजी बसची वाट बघत थांबली नसती तर आमची बस रिकामीच राहिली असती. दोन हातांआड तोंड लपवून 'भॉक' करणारं कुणीतरी लागतंच. त्या खेळात बाळ शिकतं की दिसेनासं झालेलं माणूस परत येतं, आणि बोलण्यात जशी एकाची पाळी मग दुसऱ्याची, तशी इथेही असते. आणि दर रिंगेला माझ्याकडे वळणाऱ्या त्या नजरा, त्या सगळ्याच शाबासकी मागणाऱ्या होत्या असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. 'बघितलंस ना?' असं म्हणायलाही मूल वळून बघतं. आनंद वाटून घ्यायलाही बघतं. मी त्या नजरा आठवते तेव्हा एखादे दिवशी मला त्यात परीक्षा देणारी मुलगी दिसते, आणि एखादे दिवशी मावशी आपल्याबरोबर बसली म्हणून खुशीत आलेली. दोन्ही खरं असेल.

तरीही मुलांच्या दिवसाकडे बघते तेव्हा पोटात कालवतं. तीन वर्षांच्या मुलांना वर्कशीट असतात. ठिपक्यांवरून रेघ गिरवायची, रेघेबाहेर गेलं की पुन्हा. ज्या बोटांनी अजून चिखल पुरेसा मळलेला नाही, चिमट्यांनी चिंध्या उचललेल्या नाहीत, त्या बोटांना पेन्सिल धरवली जाते आणि ती दुखली की हात आळशी ठरतो. खेळण्यांच्या खोक्यांवर ते खेळणं मेंदूच्या कोणकोणत्या भागाला चालना देतं त्याची यादी असते, जणू त्या यादीवाचून खेळायला परवानगी नाही. खेळ हा मुलाचा हक्क असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क करारात एकतिसाव्या कलमात लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली खेळाच्या महत्त्वावर स्वतंत्र अहवाल काढला, आणि डॉक्टरांना सुचवलं की लहानग्यांच्या तपासणीच्या वेळी खेळाची शिफारस लिहूनच द्यावी. औषधासारखी. हे वाचून मला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं. पाण्याने पेला भरण्यासाठी चिठ्ठी लागावी, इतके आपण कसे घाबरलो?

घाबरलो आहोत, एवढं खरं. बहीणही घाबरलेली आहे, आणि तिला नावं ठेवायचा मला काय अधिकार. तिच्या मुलीला उद्या लिहिता आलं नाही तर लोक तिला विचारणार आहेत, मला नाही.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा भाची साडेतीनची झाली होती. रिंगांचं खेळणं मला पलंगाखाली दिसलं, दांडीवर धूळ, दोन रिंगांचा रंग उडालेला, एक कुणीतरी चावलेली. मी ते काढलं नाही. तीच थोड्या वेळाने पलंगाखाली शिरली आणि घेऊन आली. म्हणाली, "मावशी, तू बाळ हो. मी मावशी." मी फरशीवर मांडी घालून बसले. तिने सगळ्या रिंगा माझ्यापुढे ओतल्या, समोर बसली, पाठ ताठ केली आणि थांबली. मी हाताला लागली ती रिंग उचलून दांडीत घालायला गेले. ती पुढे झुकली, माझ्या हातातून ती रिंग हळूच काढून घेतली आणि म्हणाली, "असं नाही बाळा, असं."

सूर माझा होता. शब्दाच्या शेवटी जरा लांबवणं, 'बाळा'वर येणारा लाडिक हेल, सगळं माझं. एक वर्ष तिने ते जपून ठेवलं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी बाळ असल्यामुळे ते चालून गेलं.

पुढची रिंग मी घातली आणि तिच्याकडे पाहिलं. तिने टाळ्या वाजवल्या. त्याच्या पुढची मी मुद्दाम चुकीची घेतली, सगळ्यांत लहान. ती दांडीच्या मध्यावर अडकली. आता ती पुन्हा म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. पण ती अडकलेल्या रिंगेकडे बघत बसली. बोटाने तिला टिचकी मारली. रिंग दांडीवर डगडगली. पुन्हा टिचकी मारली. मावशी होणं ती कधी विसरली ते मला कळलंही नाही. मग तिने मोठी रिंग उचलली आणि माझ्या हातात घालायला घेतली. ती अंगठ्यापाशी अडली. तिने ओढून पाहिलं, फिरवून पाहिलं, माझा अंगठा तळव्यात दुमडून पाहिला, थुंकी लावून पाहिली.

"बोटं अशी कर," ती म्हणाली आणि स्वतःचा हात चोचीसारखा मिटून मला दाखवला. मी तसा केला. ती पुन्हा ढकलू लागली, जीभ दातांत धरून.